ओढा गप्प झाला

कुस्को शहरातून पहाटे निघालेली आमची गाडी दुपारी एका वळणावर थांबली आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पुढे रस्ता नव्हता. एका हाताला सात-आठ मातीची घरं, दुसऱ्या हाताला दरी, आणि दरीत काठोकाठ ढग. आपल्याकडे डोंगर पाहायचा म्हणजे मान वर करायची. इथे आम्ही खाली पाहत होतो आणि डोंगराची टोकं ढगातून वर आली होती.

"इथून चार दिवस पायी," मंदा म्हणाली. तिचा आवाज जरा उतरलेला होता.

मंदा माझी धाकटी बहीण. बँकेतून निवृत्त झाल्यावर तिने आणि तिच्या मैत्रिणीने दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात जायचं ठरवलं होतं. इंका लोकांचं डोंगरातलं एक जुनं गाव वाटाड्याबरोबर चालत जाऊन पाहायचं. निघायला महिना राहिला असताना मैत्रिणीचा घोटा मोडला. मंदा मखमलाबादला आमच्या मळ्यात आली आणि म्हणाली, "अक्का, तू चल. तू दिवसात जेवढं चालतेस तेवढं आम्ही आठवड्यात चालत नाही." मी अठ्ठावन्न वर्षांची, झेंडू, शेवंती आणि कोथिंबीर पिकवणारी बाई. नाशिक सोडून मी फार कुठे गेलेली नव्हते. पण ह्यांनी झेंडूचा तोडा सांभाळायचं कबूल केलं आणि मी निघाले.

आमचा वाटाड्या विल्बर, तिशीतला, कुस्कोचा. तो इंग्रजी बोले आणि मंदा मला मराठीत सांगे. सामान वाहायला तीन खेचरं, आणि ती हाकणारे सातुर्निनो. सत्तरीचे असावेत. बुटके, काटक, गालात कायम कोकाच्या (थकवा घालवायला तिकडे चघळतात त्या) पानांचा तोबरा. पहिल्या दिवसापासून मी त्यांना बाबा म्हणू लागले आणि ते ओ देऊ लागले. स्वयंपाकाला त्यांची सून एलेना होती. पुढे चालणाऱ्या पांढऱ्या खेचराच्या गळ्यात घंटा होती. तिचं नाव पालोमा (म्हणजे कबुतर). बाबा तिच्याशी जेवढं बोलत तेवढं आमच्यापैकी कुणाशीच बोलत नसत.

निघताना बाबांनी कोकाची तीन पानं पंख्यासारखी धरली, त्यांवर फुंकर घातली आणि समोरच्या शिखराकडे पाहत दोन दगडांमध्ये ठेवली. तिथे डोंगरदेवाला आपू म्हणतात. मी आपसूक हात जोडले. बाबांनी ते पाहिलं आणि तीन पानं माझ्याही हातात दिली.

पहिले दोन दिवस उतरण आणि चढ, चढ आणि उतरण. माझ्या सॅकमध्ये कैरीच्या लोणच्याची बाटली फुटली आणि कपड्यांना, झोपायच्या पिशवीला, सगळ्यालाच खाराचा वास लागला. मागचं खेचर माझ्या पाठीला नाक लावून चालू लागलं. जेवणात बटाटा असायचाच, आणि दर वेळी वेगळ्या रंगाचा. एकदा एलेनाने चुन्यो (थंडीत गोठवून, तुडवून, उन्हात वाळवलेला बटाटा) रश्श्यात घातला. काळा, हलका, दिसायला नदीतल्या गोट्यासारखा. मंदाने एक घास घेऊन ताट सरकवलं. मला आवडला. वाळवणाची चव जगात सगळीकडे सारखीच असावी.

तिसऱ्या दिवशी वाट जंगलात शिरली आणि बोलणं आपोआप कमी झालं. झाडांवरून शेवाळाच्या जटा लोंबत होत्या. पावसाळा नुकताच सरला होता, वाटेवर ठिकठिकाणी ओली दरड उतरलेली होती. पक्षी नव्हते. पालोमाची घंटा दहा पावलांवर वाजत असली तरी लांबून आल्यासारखी वाटे.

संध्याकाळी आम्ही एका ओढ्याकाठी मुक्काम केला. ओढा कसला, धबाबा लोटच होता. शेजारी बसून बोलायचं तरी ओरडावं लागे. धुकं क्षणभर फाटलं तेव्हा विल्बरने वर बोट केलं. आमच्याच बाजूच्या डोंगराला पायऱ्या होत्या. एकावर एक दगडी बांध घातलेल्या ताली, शंभर तरी असतील, आणि त्यांच्या माथ्यावर भिंती. एवढी शेती, आणि तिच्यात एक माणूस नाही.

"ह्या गावाचं नाव काय?" मी विचारलं.

"खालच्या वस्तीतले लोक नुसतं याक्ता म्हणतात," विल्बर म्हणाला. "याक्ता म्हणजे गाव."

"रिकामं होऊन किती वर्षं झाली?"

"पाचशे."

"आणि अजून गावच म्हणतात?"

विल्बरने बाबांना विचारलं. बाबांनी पानं गालाच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेली. "ते म्हणतात, गावच आहे. माणसं नाहीत एवढंच."

सकाळी मंदाला ताप होता. उंचीचा त्रास तिला पहिल्या दिवसापासून होत होता, आता डोकंही उचलवेना. एलेना तिच्याजवळ थांबली. मी, विल्बर आणि बाबा वर निघालो. दोन खेचरं मुक्कामाच्या बाजूला चरत होती. पालोमाला बाबांनी ओंडक्यांच्या साकवावरून नेऊन ओढ्यापलीकडच्या गवतात बांधलं होतं, तिथला चारा चांगला म्हणून.

तासाभराची खडी चढण. वर पोचलो तेव्हा धुकं आमच्याबरोबरच गावात शिरलं. गल्ल्या होत्या, उंबरे होते. दारं खाली रुंद, वर अरुंद. छपरं नव्हती. प्रत्येक घराच्या भिंतीत रांगेने कोनाडे, नेमके माझ्या हाताच्या उंचीचे. मी चालता चालता एकात हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. आत कोकाची तीन पानं होती. हिरवी, मऊ.

"आपल्या आधी कोण आलं होतं?" मी विल्बरला खुणेने विचारलं. त्याने सहा बोटं दाखवली आणि म्हणाला, "वीक्स." मग बाबांकडे वळून काहीतरी विचारलं. बाबा कोनाड्याकडे न पाहताच पुढे गेले.

गावाच्या मधोमध पाणी होतं. वर लांब ओढ्यातूनच काढलेली दगडी चारी गल्लीगल्लीतून फिरून एका कुंडात पडत होती. तीस-पस्तीस वर्षं मी वाफ्यांना दारं धरत आले आहे, पाण्याला उतार देणं काय असतं ते मला कळतं. हा उतार असा होता की पाणी पळतही नव्हतं आणि रेंगाळतही नव्हतं. त्याचा आवाज शेजारच्या खोलीत चार बायका हळू बोलत बसल्यासारखा. पण मला खटकलं ते दुसरंच. आमच्या मळ्यातली चारी चार दिवस साफ केली नाही तर गवताने भरते. इथे पाचशे वर्षं कुणी राहत नाही आणि चारीत एक काडी नव्हती.

कुंडाशेजारी बसून आम्ही पाव आणि चीज खाल्लं. विल्बर हातवारे करत मला पूर्वीच्या लोकांबद्दल सांगत होता. मला त्यातलं थोडं कळत होतं. मधेच वाटलं, हा एवढा ओरडून का बोलतोय? तो ओरडत नव्हता. मघाच्याच आवाजात बोलत होता.

कुंडात पाणी पडत नव्हतं.

मी उठून चारीत हात घातला. तळ ओला होता, शेवटचा थेंब कडेला लोंबत होता. विल्बरही गप्प झाला. तेव्हा कळलं की खालचा ओढाही ऐकू येत नाही. कालपासून ज्या दरीत कानठळ्या बसत होत्या तिथे आता माझाच श्वास मला ऐकू येत होता. बाबा उभे राहिले होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मला पाटाचं पाणी माहीत आहे. पाळी संपली की ते हळूहळू उतरतं, वाफ्याला तशी चाहूल लागते. पण चालतं पाणी एकाएकी थांबलं, तर ते वर कुठेतरी तटलेलं असतं. आणि तटलेलं पाणी कायमचं थांबत नाही.

मंदा ओढ्याकाठी झोपली होती.

"वॉटर स्टॉप," मी विल्बरला म्हणाले. माझं इंग्रजी एवढंच. "अप, माउंटन फॉल. क्लोज. आफ्टर, बिग वॉटर. मंदा!"

त्याने चारीकडे बोट दाखवून खांदे उडवले, चारी कुठे तुंबली असेल असं काहीसं. मी माझ्या कानाला हात लावला आणि मग खाली दरीकडे दाखवलं. तो ऐकत राहिला. मग त्याने सॅक तिथेच टाकली आणि धावू लागला.

त्या उतरणीतलं मला फारसं आठवत नाही. दोनदा पडले, गुडघा फुटला. धुक्यात पुढे विल्बरची लाल टोपी दिसे आणि नाहीशी होई. मागे बाबांच्या पावलांचा आवाज. बाकी काहीच नाही. तासाची वाट आम्ही अर्ध्या तासात उतरलो असू.

तंबूत मंदा नव्हती.

ती आणि एलेना ओढ्याच्या पात्रात उभ्या होत्या. सकाळी जिथे पाय ठेवला असता तर माणूस वाहून गेला असता, तिथे ओले धोंडे उघडे पडले होते आणि डबक्यांमध्ये मासे तडफडत होते. एलेना ते ओच्यात गोळा करत होती. मंदा शाल गुंडाळून हसत होती.

"अक्का, बघ ना, किती शांत झालंय. मला शांततेनेच जाग आली."

"मंदे, वर चल."

"अगं, पण..."

"पाणी तुंबलंय वर. काही घेऊ नको. चल."

ती माझ्या तोंडाकडे पाहून निघाली. विल्बरने एलेनाला हाताला धरून ओढलं, मासे तिथेच सांडले. जवळची दोन खेचरं सोडली आणि आम्ही गावाच्या वाटेने वर, पाचव्या-सहाव्या तालीपर्यंत आलो. तिथून पुढे मंदाला चालवेना.

बाबा खाली वळले. पालोमा पलीकडे होती. धुक्यात तिचा पांढरा ठिपका दिसत होता. मी त्यांचा दंड धरला. "बाबा, नाही. जायचं नाही." विल्बरने त्यांच्या भाषेत सांगितलं. बाबांनी एकदा पलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खाली बसले.

आम्ही वाट पाहिली.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. काही झालं नाही. मंदाला हुडहुडी भरली आणि तिची औषधं तंबूत राहिली होती. विल्बर घड्याळ पाहू लागला. अर्ध्या तासाने तो मंदाला म्हणाला की जाऊन औषधं आणि कागदपत्रं घेऊन येतो, पाच मिनिटं लागतील. मंदाने मला विचारलं, "अक्का, तुला नक्की माहितीये ना?"

"हो," मी म्हणाले आणि विल्बर परत खाली बसला. मला नक्की माहीत नव्हतं. हा माझा पाट नव्हता, माझा डोंगर नव्हता. बाबा एवढ्या वेळात दहादा जाऊन पालोमाला घेऊन आले असते. ते फक्त तिच्याकडे पाहत होते. तीही मान वर करून आमच्याच दिशेने पाहत असावी, कारण घंटा वाजत नव्हती.

तास होत आला. आणि तेव्हा माझ्या मनात आलं ते असं होतं: आता यावंच. पाणी यावं एकदाचं. नाहीतर ह्या सगळ्यांपुढे मी काय तोंड दाखवू. पालोमा समोर दिसत असताना मला असं वाटलं.

आधी वास आला. नांगरलेल्या ओल्या मातीचा, पण इतका दाट की घशात बसला. मग तालीचे दगड थरथरले. दोन्ही खेचरं दावं तोडून वर पळाली. धुक्यात, वरच्या अंगाला झाडं मोडल्याचा आवाज सुरू झाला, आणि ते आलं. पाणी म्हणवत नाही त्याला. तपकिरी भिंत, तिच्यात उभी झाडं. आमचे तंबू कुठे होते तेही मला सांगता आलं नसतं, इतक्या पटकन ते नव्हते. घंटा एकदाच वाजली.

बाबांनी टोपी डोक्यावर घातली आणि पाठ फिरवली.

ती रात्र आम्ही याक्तातल्या एका बिनछपराच्या घरात एकमेकांना चिकटून काढली. उजाडल्यावर मी कुंडापाशी गेले. पाणी पडत होतं, स्वच्छ, कालच्याच आवाजात. बाबा माझ्या आधी येऊन गेले होते. वाटेतल्या त्या कोनाड्यात आणखी तीन पानं होती.

वरच्या कड्याने परत यायला आम्हाला तीन दिवस लागले. मंदाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. रस्ता संपतो त्या वस्तीत एलेनाची दोन लहान मुलं धावत आली आणि तिला बिलगली. बाबांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ काहीतरी बोलले. विल्बरने मंदाला सांगितलं, मंदाने मला. ते म्हणत होते, पाणी थांबलेलं त्यांनाही कळलं होतं, पण म्हातारपणी आपल्याला भास होतात असं घरचे म्हणतात, म्हणून ते गप्प राहिले. मी बोलले म्हणून एलेना वाचली. पालोमासाठी मी वाईट वाटून घेऊ नये.

मंदा रडत होती. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला त्यांना सांगायचं होतं की वर बसून मी काय मागत होते. पण त्यांची भाषा मला येत नव्हती, आणि मधे मंदा होती. तिच्याकडून ते बोलवून घ्यायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि हात सोडवून घेतले.

नव्या खेचरासाठी आम्ही दोघींनी जमेल ते केलं. मग कुस्को, विमानं, मुंबई, नाशिक. पाहुणे येतात, मंदा गोष्ट सांगते. ती फार छान सांगते, सुक्या पात्रातल्या माशांपासून सुरुवात करते आणि पाणी येतं तिथे संपवते. सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहतात. कुणीतरी विचारतं, "तुम्हाला भीती नाही वाटली?" मी म्हणते, वाटली.

ती भीती पाण्याची नव्हती, माझीच मला होती. पाणी येण्याआधीच्या त्या तासात, सगळी माणसं सुखरूप माझ्या शेजारी बसलेली असताना, मला ते पुरेना. मला बरोबरही ठरायचं होतं. मंदा हे वाचेल तेव्हा तिला पहिल्यांदा कळेल. तिने ते विल्बरला कळवावं, आणि विल्बरने डोंगरात जाऊन बाबांना सांगावं, अशी माझी तिला विनंती आहे.