नेच्याची चार पानं

नवऱ्याला ठाऊक नाही, बहिणीला नाही, ज्या मैत्रिणीची ही गोष्ट आहे तिलाही नाही. आज पहिल्यांदाच तोंडातून काढते आहे. जीभ अडखळेल – अडखळू दे.

अठ्ठ्याहत्तर साली मी करडीहून भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आले. गावच्या शाळेत मी हुशार गणली जायचे. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कळलं की आपल्याला अभ्यास येतच नाही. वनस्पतिशास्त्राचे सर इंग्रजीत भराभर बोलायचे आणि मी मान खाली घालून जे कानावर पडेल ते उतरवायचे. संध्याकाळी वही उघडली की माझंच अक्षर मला परकं वाटायचं.

माझ्याच खोलीत सुमन राहायची. पवनीची, विणकराच्या घरची. ती आदल्या वर्षी नापास झाली होती आणि तेच वर्ष पुन्हा करत होती. वडिलांनी तिला बजावून पाठवलं होतं – या वर्षी पास झालीस तर पुढं शीक, नाही तर घरी ये, स्थळ पाहिलेलंच आहे. एक दिवस तिनं माझी वही चाळली आणि हसली.

"सर खोकलले तेही लिहून राहिली का तू? सगळं कायले लिहितं? आधी आईक. मंग लिव्ह."

काय सांगू तुम्हाला, त्या एका वाक्यानं काय झालं! तिनं माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर डावीकडे चार बोटं रुंद समास आखून दिला. वर्गात उजवीकडे मोजकेच शब्द लिहायचे. त्याच संध्याकाळी समासात त्यावर प्रश्न काढायचे. मग उजवी बाजू हातानं झाकायची आणि उत्तरं मोठ्यानं म्हणायची. अडलं तर तेवढंच पुन्हा वाचायचं. ग्रंथालयातलं जाडं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं नाही, मागची सूची उघडायची, हवा तो शब्द शोधायचा आणि थेट त्या पानावर जायचं. पुस्तकाला मागूनही दार असतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. आणि शेवटी, जे समजलं ते दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगायचं. आमच्या घरमालकीणबाई तांदूळ निवडत बसायच्या आणि आम्ही दोघी त्यांना पेशीविभाजन शिकवायचो. "मंग पुढं काय झालं?" असं त्या विचारायच्या, जणू शेजारच्या घरची भानगड ऐकताहेत.

एवढं सगळं सुमननं एकटीनं, नापास होऊन शोधून काढलं होतं. मी सकाळी उठायचे तीच वर्गात जायच्या घाईनं. सरांचं वाक्य संपायच्या आत माझ्या डोक्यात त्याचा प्रश्न तयार व्हायचा. असा आनंद मला आयुष्यात फार थोड्या गोष्टींनी दिला आहे.

मग – इथं थांबावंसं वाटतं. पण नाही.

दिवाळीनंतरच्या चाचणीत सुमन पहिली आली, मी दुसरी. सरांनी तिचा पेपर वर्गात वाचून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. खऱ्या होत्या का त्या? अर्ध्या होत्या. मला तिच्याचसारखं व्हायचं होतं, आणि झाले तर तिच्या पुढं जायचं होतं. हे मी तेव्हा स्वतःलाही बोलून दाखवलं नाही.

जानेवारीत सुमनला मुदतीचा ताप आला. ती पवनीला गेली आणि महिनाभर अंथरुणाला खिळली. तिचा मोठा भाऊ माझी वही न्यायला आला. दोन दिवसांत उतरवून घेऊन तो परत आणून देणार होता. सुमननं निरोप पाठवला होता, "तुही वही असली का मले पुस्तकाचं काम नाही."

त्या महिन्यात सरांनी नेच्याचं, म्हणजे फर्नचं, जीवनचक्र शिकवलं होतं. आकृत्यांसकट चार पानं भरली होती. शिकवून झाल्यावर, "यावर प्रश्न येतोच," असं ते दोनदा म्हणाले होते. भाऊ बाहेर घरमालकीणबाईंशी बोलत बसला होता. मी वहीच्या पिना सरळ केल्या, मधली ती चार पानं अलगद काढली आणि पिना पुन्हा दाबल्या. मग पुढच्या पानाच्या समासात, तिनंच आखून दिलेल्या समासात, लिहिलं – "नेचा सरांनी यंदा वगळला."

अक्षर बिघडलं का? नाही. चांगलं आलं होतं.

सुमन परीक्षेच्या तोंडावर परत आली. अशक्त, केस गळलेले, पण वही जवळजवळ पाठ. तेव्हाही सांगता आलं असतं. एकाच खोलीत आठ दिवस समोरासमोर बसून आम्ही अभ्यास केला. पेपर उघडला तर पहिलाच प्रश्न नेच्याचा, सगळ्यात जास्त गुणांचा आणि सक्तीचा. आणि मला – हेही सांगायलाच हवं – मला आनंद झाला. उकळी फुटावी तसा. मी लिहीत सुटले. बाहेर आल्यावर सुमन म्हणाली, "सरायनं वगळला अन् पेपरात तोच आला, माहं नशीब."

मी वर्गात पहिली आले. सुमन वनस्पतिशास्त्रात थोडक्यात नापास झाली. उन्हाळ्यातच तिचं लग्न झालं.

पुढं मी एम.एस्सी. केलं आणि साकोलीला कॉलेजात शिकवायला लागले. दर जुलैत नवी मुलं बावरलेल्या चेहऱ्यांनी समोर बसायची आणि मी पहिला तास फक्त अभ्यास कसा करावा यावर घ्यायचे. समास, झाकलेला हात, मागची सूची. मुलांचे डोळे चमकू लागले की मलाही स्फुरण चढायचं. "ही माझी पद्धत," असं मी म्हणायचे. दरवर्षी.

अशाच एका जुलैत तास संपला आणि पाहिलं तर दाराशी सुमन उभी. नणंदेचं नाव घालायला आली होती. माझ्याच कॉलेजात, माझ्याच विषयाला. केव्हापासून उभी होती, किती ऐकलं होतं – मी विचारलं नाही.

"मस्त शिकवतं तू," ती म्हणाली. मग नणंदेला पुढं करून म्हणाली, "या मॅडम माह्या खोलीतल्या. मी बिमार होती त त्यायनं आपली वही पाठवली. मीच कमी पडली." आणि मला म्हणाली, "हिले बी तसंच शिकव. माह्यासारखी नको होऊ देऊ."

मी म्हटलं, "हो."

नणंद तीन वर्षं माझ्या वर्गात होती. प्रथम श्रेणीत पास झाली. निकालाच्या दिवशी सुमन पेढे घेऊन घरी आली आणि पहिला पेढा तिनं स्वतःच्या हातानं मला भरवला. मी तो खाल्ला, आणि चांगला झालाय म्हणाले.