उन्हाची शिंक

आमच्याकडे मूल जन्माला आलं की ते कोणावर गेलंय याचा निकाल आधी लागतो, बारसं नंतर. माझा निकाल म्हणे दवाखान्यातच लागला होता. मोठी मावशी मला हातात घेऊन म्हणाली, "आजोळावर गेलीय," आणि तो निकाल पुढे कुणी फिरवला नाही. नाक मामाचं, रंग आजीचा, केस आईचे, हट्टसुद्धा आईच्या आत्याचा. वडिलांच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. "आमचं फक्त आडनाव लावते," असं ते हसून सांगायचे. मलाही त्यात वाईट वाटायचं नाही. वडील होतेच की समोर, पेपर वाचत बसलेले. त्यांना माझ्यात कशाला शोधायचं?

ते गेले तेव्हा मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करत होते. विमान, मग मुंबईहून सांगलीपर्यंत गाडी. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. भेटायला आलेल्या एका काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि आईला म्हणाल्या, "हिच्यात त्यांचं काहीच नाही गं. निदान हिच्याकडे बघून तरी तुला बरं वाटलं असतं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला त्या बाईचा असा राग आला, की मी उठून मागच्या मोरीपाशी जाऊन उभी राहिले. तेव्हापासून आई वडिलांबद्दल बोलेनाशीच झाली. फोनवर मी त्यांचं नुसतं नाव काढलं, तरी ती विचारायची, "जेवलीस का? स्वेटर घातलायस ना?"

आणि माझं काम काय, तर जेनेटिक्स. माणसांचे गुण एका पिढीतून दुसरीत कसे उतरतात आणि निरनिराळ्या समाजांत त्यांचं प्रमाण कसं बदलतं, हे शिकायचं आणि पदवीच्या मुलांना शिकवायचं. एखाद्याची थट्टा करायची म्हणजे किती करायची.

पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही मुलांच्या हातात आरसे द्यायचो. कानाची पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली, जीभ दोन्ही कडांनी वर वळते का, कपाळावर केसांचं टोक आहे का, हे त्यांनी आपलं आपण बघायचं. मग एक रसायन लावलेली कागदाची पट्टी जिभेवर ठेवायची. काहींना ती कडू जहर लागते आणि ती तोंड वेडीवाकडी करतात. काहींना नुसता कागद लागतो आणि ती शेजाऱ्याकडे संशयाने बघतात. सगळ्यांची बेरीज फळ्यावर मांडायची, आणि मग दुसऱ्या देशांत हेच प्रमाण केवढं वेगळं असतं ते दाखवायचं. वर्ग रंगात आला की त्यावर पाणी ओतणं माझ्याकडे होतं. जीभ वळणं, कानाची पाळी हा एकेका जनुकाचा खेळ आहे असं जुनी पुस्तकं सांगत, ते खरं नाही. बहुतेक गुणांमागे पुष्कळ जनुकं असतात. दोन समाजांतला फरक बहुतेक वेळा कमीजास्तीचा असतो. एकाच समाजातली दोन माणसं एकमेकांपासून त्याहून वेगळी निघू शकतात. मुलं हिरमुसून आरसे परत करायची.

एकदा एका मुलीने मला विचारलं, तुझं नाक कोणाचं? मी घाईत मराठीचंच इंग्रजी केलं आणि म्हणाले, "आय हॅव गॉन ऑन माय अंकल." पुढच्या बाकावरच्या मुलाने अगदी गंभीरपणे विचारलं, "गॉन वेअर?" वर्ग हसला, मीही हसले. पण बसमधून परतताना ते हसू उतरलं. वडील गेले, मी मामावर गेले. क्रियापद एकच, आणि दोन्हीकडून वडील वजा.

त्या हिवाळ्यात मी फार एकटी होते. मैत्रिणी नव्हत्या असं नाही. पण कोण कोणावर गेलंय हे सांगायला दोघांनाही पाहिलेलं तिसरं माणूस लागतं, आणि त्या गावात माझ्या वडिलांना पाहिलेलं एकही माणूस नव्हतं. लोक विचारायचे, "कुठली तू?" सांगलीत दुकानदारसुद्धा "कोणाची गं तू?" असं विचारतो. लहानपणी त्या प्रश्नाचा वैताग यायचा. आता कुणीतरी तो विचारावा असं वाटत होतं.

मग मीच शोधायला लागले. न्हाणीघरातल्या आरशाशेजारी फोनवर वडिलांचा फोटो ठेवायचा आणि एकेक अवयव पडताळायचा. भुवया नाहीत. हनुवटी नाही. कानांचा प्रश्नच मिटला, कारण त्यांच्या निम्म्या फोटोंत मफलर होता. माझा अर्धा भाग त्यांच्याकडून आलाय हे मी पोरांना शपथेवर सांगू शकत होते. चांगला अर्धा! आणि दाखवायला एक भुवईसुद्धा नाही. लॅबमध्ये आम्ही सरावासाठी स्वतःचेही नमुने तपासले, तेव्हा जगभरच्या माणसांच्या आलेखावर माझा ठिपका आपल्याकडच्या गर्दीत, जिथे पडायला हवा तिथेच पडला. माणसांच्या एवढ्या पसाऱ्यात मी कुठे बसते, ते संगणकाने बिनचूक सांगितलं. त्याचं मला काही करता येत नव्हतं.

आमची लॅब तळघरात होती, बिनखिडकीची. तिथून बाहेर पडलं की समोर बर्फ आणि त्यावर लख्ख ऊन. बाहेर पाऊल टाकलं की मला शिंका यायच्या, एक नाही, लागोपाठ दोन. माझी रूममेट नागपूरची. ती म्हणायची, "यार, तू टेस्ट करून घे ना. बर्फात पोलन नसतं, पण डस्ट असेल, काहीतरी असेलच." मी ॲलर्जीच्या गोळ्या घेतल्या. झोप तेवढी यायची, शिंका होत्या तिथेच होत्या.

एके दिवशी प्रोफेसरांनी वर्गात विचारलं, अंधारातून एकदम उन्हात गेल्यावर कोणाकोणाला शिंक येते? बरेच हात वर गेले. हा प्रकार घराण्यात चालतो, म्हणाले. आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी बहुधा पुरतो. मी मागच्या बाकावर मुलांची हजेरी मांडत होते. माझा हात अर्धा वर गेला आणि तिथेच राहिला.

आमच्या घराला एक लांब, अंधारा बोळ होता आणि त्याच्या टोकाला फाटक. वडील पाटबंधारे खात्यात होते. दहाच्या सुमाराला डबा घेऊन ते बोळातून निघायचे, फाटकापाशी तोंडावर ऊन यायचं, आणि शिंक. कामाला निघताना शिंक म्हणजे अपशकुन. आतून आईची हाक ठरलेली, "अहो, थांबा जरा. पाणी पिऊन जा." वडील पत्रिका-मुहूर्तांवर तावातावाने वाद घालणारे, पण मुकाट्याने मागे फिरायचे, बोळातल्या स्टुलावर बसायचे आणि फुलपात्रभर पाणी प्यायचे. मग आई म्हणायची, "आता जा." पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडले तर हे रोजचं. त्या शिंकेचा ढगांशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. नाक, रंग, केस हे गुण होते, ते मावशीने वाटून टाकले होते. शिंक आमच्याकडे गुणांत धरलीच नव्हती. आणि मी कॉलेजला निघायचे ती उजाडायच्या आत, त्यामुळे फाटकापाशी माझी शिंक कुणी ऐकलीच नाही.

तास संपल्यावर मी बाहेर गेले. डोळे झाकून पायरीवर उभी राहिले, काही झालं नाही. डोळे उघडले आणि शिंकले. आई उन्हात शिंकल्याचं मला एकदाही आठवत नव्हतं. मी हसायला लागले आणि मग रडायला लागले. जाणाऱ्या एका अनोळखी माणसाने "ब्लेस यू" म्हटलं आणि चालीचा वेग वाढवला.

हे आईला सांगायचं होतं, आणि जमत नव्हतं. मी "बाबा" म्हटलं की ती स्वेटरवर यायची. ज्या एका माणसाने ती शिंक वर्षानुवर्षं ऐकली होती, त्यालाच ती ओळखता आली असती, आणि त्याच माणसाने तो विषय बंद केला होता. मीही मग नाद सोडला.

पुढे एका शनिवारी सकाळी मी लॅबमधून निघता निघता तिला फोन लावला. सांगलीत तेव्हा रात्रीच्या भाकरीची वेळ. आई फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवते, त्यामुळे मला भिंतीवरची ट्यूब आणि पंख्याचं एक पातं तेवढं दिसतं. ती भाकरी थापत होती, मी पायऱ्या चढत होते. मी दार ढकललं. ऊन आलं आणि मी शिंकले, दोनदा, मोठ्याने.

"अहो, थांबा जरा," आई म्हणाली. "पाणी पिऊन जा."

भाकरीची थाप थांबली होती. पिंपाचा नळ सोडल्याचा आवाज आला, फुलपात्र भरल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज येईना. मी फोन तसाच धरून दारात उभी राहिले.

बऱ्याच वेळाने पडद्यावर आई आली. एका हाताला पीठ, दुसऱ्या हातात भरलेलं फुलपात्र.

"तू होय," ती म्हणाली.

"हो. उन्हात आले ना एकदम."

"त्यांचीच आहे," ती म्हणाली. "दोन. दुसरी जरा मोठी."

उजेड, डोळा, मज्जातंतू, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. मी त्यातलं अक्षरही बोलले नाही. आईने पदराने डोळे पुसले, तर पीठ गालाला लागलं.

"कुठे निघालीस?"

"घरी. बस येतेय समोरून."

"जाऊ दे बस. मागे फीर आणि पाणी पी आधी. बसून पी."

मी मागे फिरले. तळघराच्या बोळात भिंतीला पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. बाटली भरली, बाकावर बसले आणि फोन समोर धरून प्यायले. मी संपवेपर्यंत आई फुलपात्र हातात घेऊन उभी होती. बाहेर बस थांबली आणि निघून गेली.

"आता जा," आई म्हणाली.