छातीतले मजूर अन् पोळ्याचा कासरा

सन दोन हजार चोवीस. माह्यं वय चौऱ्याहत्तर. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनं कागदाची लांब पट्टी पाह्यली अन् म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला हार्ट अटॅक आलाय."

मी म्हटलं, "नाई. पित्त आहे."

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण 'मले कळत नाई' असं कोणापुढं म्हटलं नव्हतं. सकाळी बैल सोडताना छातीवर जू ठेवल्यासारखं झालं, घाम सुटला, तरी ओवा चावत बसलो. माह्या बुढीनं, बायकोनं, पोराले, विलासले, हाक मारली म्हणून आज लिहून राह्यलो. तुमाले असं झालं तर ओवा चावत बसू नका.

अँजिओप्लास्टी झाली. म्हणजे मनगटातून बारीक नळी घालतात, बंद पडलेली नस फुग्यानं उघडतात अन् तिथं जाळी बसवतात. दुखणं थांबलं. मी विलासले म्हटलं, "चाल घरी. पोळा तोंडावर आहे."

देवळीजवळच्या आमच्या गावात पोळ्याच्या तोरणाखाली पहिली बैलजोडी आमची उभी राह्यते. बापानंतर तिचा कासरा, म्हणजे बैलांचा दोर, माह्याच हातात. तो सोडायचा म्हणजे जित्या माणसाचं तेरावं.

मॅडम म्हणाल्या, "हृदयाचा एक तुकडा मेलाय. तिथं सूज आहे."

"मंग सूज उतरायची गोळी घेतो. गुडघ्याची आहे खिशात."

त्यांनी हात पुढं केला. "आधी ती इकडे द्या. सूज म्हणजे तिथं मजूर कामाला आलेत. त्यांना हाकलायचं नाही."

मजुरांचं नाव मॅक्रोफेज. म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींतल्या खादाड पेशी. काही डाव्या बरगडीखाली प्लीहेत साठ्याले असतात. हृदयाले जखम झाली की धावत येतात. आधी मेलेलं मांस खाऊन जागा साफ करतात. मंग काम बदलतात, अन् धागा विणणाऱ्या दुसऱ्या पेशींले बोलावतात. तिथं वण धरते.

मी उठून बसलो. "हे आता चालू आहे? आता?"

"आत्ता. तुम्ही बोलताय तेव्हाही."

बाप्पा! वावरात कापसाच्या पऱ्हाटीची धसकटं वेचायले मी दारोदार मजूर धुंडतो, अन् इथं न बोलावता टोळी हजर! बाजूच्या खाटेवरच्याले सांगितलं, जेवण वाढणाऱ्या बाईले सांगितलं. रात्रभर छातीवर हात ठेवून पडलो.

"पण साफसफाई झाली अन् वण पक्का नाही, तेव्हा भिंत सगळ्यात कमजोर असते," मॅडम म्हणाल्या. "नेमकं तेव्हाच माणसाला बरं वाटतं. ओढाताण केली तर भिंत फुगते. कधी फाटते."

घरी आलो अन् नेमकं बरं वाटाले लागलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बुढी बैलांच्या खांद्याले हळद-तूप चोळून राह्यली होती. मी कासरा उचलला. "उद्या मीच धरतो."

बुढी म्हणाली, "परसाली पवळ्याचा खांदा सुजला, तवा जू ठेवू दिलं का तुमी? विलास म्हणे एक दिवस जुपतो, तर बैल हाकायची तुतारी घेऊन त्याच्याच मांगं धावले."

"तो बैल आहे."

"हाव. त्याले अक्कल आहे. उभा तरी राह्यते."

कासरा खाली ठेवला. रागारागानं ओट्यावर जाऊन बसलो.

पोळ्याले कासरा विलासनं धरला, मी पारावर बसलो. गणपत शेजाऱ्यानं टोमणा मारलाच, "काय बुढेबा, यंदा पेन्शन?"

"आत मजूर लागले आहेत," मी म्हटलं. "मुकादमाले जागेवर बसा लागते."

डफडं वाजलं. पवळ्या बिचकला अन् विलाससारख्या गड्याले फरफटत घेऊन गेला. माह्या आंगाले काटा आला. त्या कासऱ्याच्या टोकाले माह्या छातीतली पातळ भिंत असती तर! पुढच्या इकोत, म्हणजे छातीवर यंत्र फिरवून हृदय पडद्यावर पाह्यतात त्यात, मॅडमनं पक्का वण दाखवला. तो त्या पारावर बसण्याची कमाई आहे. त्यांचे उपकार, अन् बुढीचेही. बरं वाटते म्हणून उठू नका. मजुरांले काम करू द्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा, लाकडी बैलांचा. लहान पोट्टे ते ओढत संध्याकाळी निघतात. मले कुठं धीर! सकाळीच विलासले माळ्यावरचा लाकडी बैल काढायले लावला. चाकाले तेल दिलं, शिंगाले बेगड चिकटवलं, अन् हळूहळू ओढत तोरणाखाली जाऊन पहिल्या नंबरात उभा राह्यलो. कासरा माह्याच हातात होता.