मायले पडाले शिकवलं

मी नेर गावाले लहान लेकराइले जिम्नॅस्टिक्स शिकवते. आया विचारतात, म्याडम, यानं फायदा काय होते? उंची वाढते का, पोट्टं अभ्यासात बसते का? होते ना. पायात ताकद येते, अंग वळते, भीती जाते. पण माह्या मते खरा फायदा एकच हाये, लेकराले नीट पडता येते. हे ऐकून आया हासतात आन् माह्या डोक्यात तिडीक जाते.

आमच्या शाळेत खेळाचे मास्तर होते, पण गाद्या नोत्या. ते म्हणत, "पोट्टे हो, घरात कापूस पडून हाये ना, त्याच्यावर कोलांट्या मारा." त्या सालात कापसाले भावच नोता. घरोघरी आढ्यापर्यंत कापूस. आम्ही त्याच्या बाजूलेच जेवत जाओ, त्याच्यावरच झोपत जाओ, अंगाले खाज सुटे. मास्तरचं सांगणं एवढंच, हनुवटी छातीले लावा, हात ताठ टेकू नका, खांद्यावरून गोल फिरा आन् उभे राहा.

बाप कापसाची बैलबंडी घेऊन बाजारात जाये आन् भाव ऐकून भरली बंडी वापस आणे. व्यापाऱ्यापुढं तोंडातून शब्द निघत नोता, घरात मात्र वाघ. आल्याबरोबर मायवर हात टाके. एकदा त्यानं ढकललं तं माय मागं पडली, हात टेकला आन् मनगट कटकन मोडलं. पट्टी बांधून एका हातानं ती भाकरी थापे. पुढच्या वेळी डोकं जात्यावर आपटलं तं ही मरते, एवढं मले समजत होतं.

मनगट जुळल्यावर मी तिले कापसावर उभी केली.

"काहून वं पोरी, या वयात मले कोलांट्या माराले लावतं?" ती लाजली. पातळ खोचून पडली तं खांबावानी ताठ. तिले वाटे, कापसावर काय लागते? तुडवलेला कापूस फळीवानी कडक असते.

"हनुवटी घे, माय," मी खेकसे. रोज दुपारी ती पडे, कण्हे, उठे. हळूहळू जमलं आन् ती खळखळून हासली. तिले तसं हासताना मी कधी पाह्यलं नोतं.

बाप पुन्हा भरली बंडी घेऊन आला. मायनं पाणी दिलं, त्यानं गिलास भिंतीवर फेकला आन् तिले ढकललं. ती जात्याकडंच गेली, पण खांद्यावरून फिरून उभी राह्यली. बाप पाहतच राह्यला. पुन्हा ढकललं, पुन्हा उठली. मग त्यानं बंडीची उभारी, बाजूले खोचलेला जाड दांडा, उपसून आणली आन् तिच्यावर उगारली.

मायनं वाट नाही पाह्यली. दोन्ही हातानं त्याच्या छातीत रेटा देल्ला. उंबरठ्यात पाय अडकून बाप दारातून मागं गेला, ताठच्या ताठ, आन् डोकं दगडाच्या पायरीवर फुटलं.

तो वाचला. उजवा हात मात्र कायमचा गेला, तोंड वाकडं झालं. तो मरेपर्यंत माय त्याले घास भरवत राह्यली. मले विचारसान तं मी नसता भरवला.