घासून लख्ख केलेला गोळा

बाबा दारूगोळ्याच्या डेपोत रंगारी होते. गोळ्यांवर रंगाचे पट्टे ओढायचे, पत्र्याच्या साच्यातून अक्षरं उमटवायची, एवढंच त्यांचं काम. आत काय भरलंय ते दुसरे ठरवत. बाबा ते बाहेरून लिहीत. पण ते निवृत्त झाल्यावर आम्ही बोरगाव मेघेला राहायला आलो आणि गल्लीने त्यांना गोळ्यांचे डॉक्टरच करून टाकलं. खोटं कशाला बोलू, बाबांनाही ते आवडायचं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं असावीत. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. कोपऱ्यावर वेल्डिंगचं दुकान असलेले काका म्हणजे बाबांचे रोजचे चहाचे सोबती. एका रविवारी सकाळी ते पोत्यात गुंडाळून एक जुना गोळा घेऊन आले. भंगारात मिळाला होता. त्याचं बूड कापून एका शाळेला घंटा करून द्यायची होती. आमच्याकडे असल्या रिकाम्या गोळ्यांवर शाळेचे ठोके पडतात, त्यात नवल नव्हतं. फक्त बाबांनी एकदा पाहावा, म्हणाले. आणि बाबांना दाखवायचा म्हणून त्या भल्या माणसाने तो आधी तारेच्या ब्रशने घासून लख्ख केला होता! पट्टा नाही, अक्षर नाही. बाबांना वाचता येणार होतं तेवढंच नेमकं पुसून आणलं होतं.

बाबा अंगणात वाकून बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी दारात बसून वह्या तपासत होते. अंगणात आम्ही तिघंच. बाबांना काही कळत नाहीये हे मला दिसत होतं. पोलिसांना कळवा म्हणायला काय जात होतं? पण काका हसत म्हणाले, "तीस वर्षं गोळ्याइले रंग देल्ला तुमी, अन् एवढं सांगता येत नाई?"

"रिकामा हाय," बाबा म्हणाले. "काप."

मीही गप्प बसले. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये म्हणे. चुलीत जावो ते वळण.

दुपारी आवाज झाला तेव्हा आमच्या फळीवरची भांडी खाली आली. बाबा ताटावरून उठले, पण उंबऱ्याबाहेर त्यांचं पाऊल पडेना. काका दुकानात जागच्या जागी गेले.

तेरवी आटोपल्यावर काकू आमच्याकडे आल्या. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. काकू खाली बसल्या आणि बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी तर नाईच म्हणलं असन ना, भाऊ? ह्यायनंच आयकलं नसन."

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तसं पाहताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"हो काकू," मी म्हणाले. "बाबानं दोनदा नाई म्हणलं होतं."

काकूंनी मान हलवली, आणि मेलेल्या नवऱ्यावर चिडून रडायला लागल्या.