थांबाकाकांनी बंद करून ठेवलेलं नाव

पुने, ये इकडं. संभाजीनगरच्या दवाखान्यात तुझी ड्युटी चालू असेल हे मला ठाऊक आहे, पण लिहिताना मी तुला समोरच बसवलंय, हात लांब केला की कान धरता येईल इतकी जवळ. वसतिगृहाला नवा कंप्युटर पाठवलास, खोकं चांगलं गुंडाळून पाठवलंस, आणि स्वतः मात्र आली नाहीस. वर इथल्या सरांना फोनवर सांगितलंस, जुना डबा भंगारात देऊन टाका. डबा म्हणालीस गं त्याला. सरांना तेवढंच निमित्त, भंगारवाला येऊन बघूनही गेला. तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढं थांबाकाका.

थांबाकाकांइतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही. टेलिफोनच्या हापिसात, आधी कडा गावाला आणि मग इथं शिरूरला, सगळी नोकरी गेलेली. पेन्शनीत आल्यावर संध्याकाळी वसतिगृहात यायचे, पोरींना गणित दाखवायचे, पंखा, बोर्ड, मोटर काही बिघडलं तर बघायचे. पण कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी रुमालानं दोन्ही हात पुसणार, मान थोडी मागं घेणार आणि म्हणणार, "थांबा." समोर कुणी काही करत नसलं तरी "थांबा." पोरींनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव पाडून टाकलं. फाटकातून "जय भीम, मावशी" असा आवाज आला की आतून गलका व्हायचा, थांबाकाका आले. वयानं ते मोठे, पण इथला स्वयंपाक करणारी मी सगळ्यांची मावशी म्हणून त्यांचीही मावशीच. नावाचा राग नव्हता त्यांना. म्हणायचे, "चांगलं हाय की नाव. आमच्या साहेबानं याच्यापेक्षा वंगाळ ठेवलंतं."

घराला कुलूप लावलं की ओढून बघायचे, कोपऱ्यापर्यंत यायचे आणि परत जाऊन ओढून बघायचे. माझ्या स्वयंपाकघरात चहा प्यायला बसले तरी नजर सगळी गॅसच्या नळीवर. एकदा मी चिडून विचारलं, "काका, एवढं भ्याव कावून वाटतं तुमाला?" तर म्हणाले, "मावशी, पोलावरच्या तारा सगळ्या सारख्याच दिसत्यात. मेलेली हाय म्हणून एखादी वडली, की कुणाचं तरी घर मुकं व्हतं. आणि ज्यानं वडली त्याला कळत बी न्हाई, कुणाचं झालं ते."

दुसरी त्यांची खोड म्हणजे कुठलीही वस्तू लगेच टाकू द्यायची नाही. "काढायचं न्हाई. आदी नुसतं बंद करायचं. चार दिवस कुणी वरडतंय का ते बघायचं, मग काढायचं." माझा मोडका स्टोव्ह त्यांनी असाच माझ्याच खाटेखाली ठेवायला लावला होता. मी म्हटलं, कोण वरडणार हो त्याच्यासाठी? आणि बघ, आठवडाभरात गॅस संपला आणि मीच वरडले.

तू तेव्हा सातवीत होतीस. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले, कारखान्यावर, घाटाखाली. आईला दिवस गेलेले, आणि ती फड तोडत होती. इतर पोरींसारखीच तूही फोनवर बोलायचीस, आणि आई सांगायची, मी बरी हाय. पण तू मला म्हणालीस, "मावशी, आई 'बरी हाय' म्हणती तवा तिचा आवाज बारीक व्हतो." त्या दिवसापासून तू ताटावर बसायचीस आणि भाकरीचा नुसता चुरा करायचीस. मग एका संध्याकाळी पेटी भरलीस. मागं राहिलेल्या मजुरांना घेऊन सोमवारी टेम्पो निघणार होता, त्यात तूही जाणार होतीस. आईच्या हाताखाली मोळ्या बांधायला. मी हंगाम हंगाम बघितलेत, पुने. त्या टेम्पोत चढलेली पोर परत बाकावर बसलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

सर म्हणाले, जाणारच असेल तर नाव कमी करतो. थांबाकाका दारात उभे होते. "थांबा, सर. रविवार तरी जाऊ द्या. तिला आईचं तोंड बघू द्या, मग ती सांगंल काय करायचं ते."

आईचं तोंड दिसणार कसं, हाच तर घोर होता. वसतिगृह टेकडीच्या पोटात, मोबाईलला आवाजापुरती रेंज, चित्र आलं की अडकून बसायचं. म्हणून तर त्याच महिन्यात तारेवरून नेट घेतलं होतं. आणि कंप्युटर आला होता त्याच कारखान्याकडून, त्यांच्या हापिसातला जुना. तार टाकणाऱ्या माणसानं स्वतःच्या मशीनवर नेट चालवून दाखवलं, पण आमच्या कंप्युटरवर काही केल्या लागेना. चालू व्हायलाच एवढा वेळ घ्यायचा की तोवर माझा भात व्हायचा. तुझ्या आईनं निरोप दिला होता, रविवारी बाजार उरकून दुपारी टोळीच्या मुकादमाच्या पुतण्याच्या मोठ्या मोबाईलवरून बोलीन. म्हणजे दुपारपर्यंत हे मशीन बोलायला पाहिजे, नाही तर सोमवारी तू टेम्पोत.

रविवारी सकाळीच काका आले. हात पुसले, बराच वेळ नुसते स्क्रीनकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "मावशी, हे मशीन हितं आलंय, पर याचं मन अजून कारखान्याच्या हापिसातच हाय. चालू झालं की आदी तिथलं कपाट हुडकतं. नेटला जायचं तर आदी तिथल्या मधल्या साहेबाला इचारतं. हितं ना कपाट, ना साहेब. मग गप बसतं."

सरांना दम नव्हता. "काका, सगळं उडवू आणि नव्यानं टाकू."

"उडवायला काय, लगेच उडंल. परत टाकायची सीडी बीडहून आणावी लागंल, आज रविवार. आणि पोरींनी आयांचे फोटो ठेवलेत ह्यात, त्यांचं काय?" काकांनी आधी ते फोटो पेनड्राइव्हवर घेतले. पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, पदराला बांधा. मी बांधला.

मग त्यांनी तुला हाक मारली. "पुने, अक्षर चांगलं हाय तुझं. ह्या स्क्रीनवर जे जे हाय ते फळ्यावर उतरव. जसंच्या तसं. टिंबसुद्धा सोडू नको." तू फुगून बसली होतीस, पण उठलीस. आकडे, टिंबं, इंग्रजी नावं, खडूनं सगळा फळा भरून गेला. काका एक एक ओळ बोट लावून दोनदा ताडून बघत होते. मला वाटत होतं, अरे देवा, सूर्य वर चालला आणि ह्यांचं शुद्धलेखन चाललंय. "काका, जरा उरका की," मी म्हटलं. "मावशी, माझेबी हात थरथरतेत," ते म्हणाले, "म्हणून तर फळा."

पहिल्यांदा ते नसलेलं कपाट बंद केलं. मशीन बंद करून परत चालू केलं, तर भात व्हायच्या आत चालू झालं. काका हसले नाहीत, फळ्यावर त्या ओळीपुढं एक फुली मारायला लावली. मग मधला साहेब बंद केला. परत चालू केलं. नेट नाही. पुढं तारेची दोन नावं होती, जवळजवळ सारखीच, एक जुनं मेलेलं, एक आजचं. काकांनी हात पुसले, "थांबा" म्हणाले, आणि एक बंद केलं. भिंतीवरच्या नेटच्या डब्याची तार जिथं मशीनला लागते तिथला हिरवा दिवा गेला.

सर म्हणाले, "बघा, मी सांगत होतो." तू खडू ठेवलास आणि पेटीकडं निघालीस. काकांच्या कपाळावर घाम, पण आवाज साधाच. "पुने, कुठं चाललीस? ती ओळ वाच मला. हे जिवंत व्हतं. परत चालू करायचं." तू दारातूनच वाचलंस. त्यांनी ते चालू केलं, दिवा आला. "आता कळलं, दुसरं मेलेलं हाय. बंद केलंतं म्हणून परत आलं. पुसलं असतं तर बसलो असतो बोंबलत."

ते दुसरं बंद केलं, तरी नेट नाही. आता एकच ओळ राहिली. त्या जोडणीला कारखान्याचं नाव होतं, आणि खाली हापिसानं बांधून दिलेला आकड्यांचा पत्ता. तिला हात लावणार म्हटल्यावर मीच आडवी झाले. मी शाळेत गेलेली बाई नाही, अक्षरं तुम्हा पोरींच्या पुस्तकातून शिकले, पण कारखान्याचं ते नाव मला चांगलं वाचता येत होतं. म्हटलं, "काका, हे नको. आमची माणसं त्याच कारखान्यावर हायत. हे नाव गेलं तर त्यांचा फोन कसा यायचा? हेच तर त्यांच्याकडचं दार." मागं उभ्या सगळ्या पोरींना तसंच वाटत होतं. एक जण तर रडायलाच लागली.

सर हसले. काका हसले नाहीत. खुर्ची वळवून बसले माझ्याकडं. "मावशी, माझ्या हिशोबानं ह्याचा त्यांचा काय संबंध न्हाई. हा नुसता जुना पत्ता हाय, हापिसातल्या टेबलाचा. पर तुमाला भ्या वाटतं तर पुसत न्हाई. नाव हितंच ऱ्हाईल, नुसतं बंद. आणि फळ्यावर बी हाय, बघा." मी फळ्याजवळ जाऊन बघितलं. नाव होतं. तुझ्या अक्षरात. मग म्हटलं, करा.

बंद केलं. मशीन परत चालू झालं. आणि नेट लागलं. सगळ्या नुसत्या त्या फिरणाऱ्या गोल चकतीकडं बघत बसल्या. बाजाराची वेळ टळून गेली. काका दर थोड्या वेळानं हिरव्या दिव्याकडं बघायचे, मी काकांकडं. आणि मग वाजलं.

तुझी आई दिसली. ऊन लागून काळवंडलेली, डोक्याला टॉवेल, मागं उसाच्या वाढ्यानं शाकारलेली कोपी. ती हसली, म्हणाली, "बरी हाय बाई मी. जेवतीस का?" तू नुसती बघत होतीस, डोळ्यांनी तपासत होतीस तिला. मग म्हणालीस, "आई, पाय दाव."

"पाय काय बघायचेत, येडी का?"

"दाव."

तिनं इकडं तिकडं बघितलं, मग मोबाईल खाली केला. पाय नव्हते ते, पुने, फुगलेले खांब होते. तोंडावरची सूजही तेव्हा कळली मला. तुझं रडू तिथं फुटलं. काका खुर्चीतून उठले आणि मला पुढं बसवलं. मी मुकादमाच्या पुतण्याला बोलावून घेतलं आणि जे बोलले ते तुला आठवत असेल, मी इथं लिहीत नाही. उद्या सकाळी हिला दवाखान्यात न्यायचं, आणि नेल्यावर मला त्याच मोबाईलवर दाखवायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. नांदूरघाटच्या तुझ्या आजीला फोन केला. ती पहिल्या यष्टीनं निघून आली, शेळ्या शेजारणीच्या हवाली करून. सोमवारच्या टेम्पोत तुझ्या जागी ती बसली. तुझी पेटी मी स्वतः उघडून कपडे परत दोरीवर टाकले.

तिथल्या डॉक्टरनं तुझ्या आईला तोडीवर परत जाऊच दिलं नाही. तुझा भाऊ तिथल्याच दवाखान्यात झाला, किडकिडीत पण रडका. तोवरचे सगळे दिवस काका रोज सकाळी येऊन आधी हिरवा दिवा बघायचे, मग तुझं तोंड.

फळा त्यांनी कितीतरी दिवस पुसू दिला नाही. बाई चिडायच्या, शिकवायचं कशावर? काका म्हणायचे, कुणी वरडलं न्हाई तर पुसू. एक एक ओळ त्यांनी मशीनमधून काढली, मग तेवढीच फळ्यावरून पुसली, आणि परत दोन दिवस थांबले. शेवटी कारखान्याचं नाव उरलं. मला विचारलं, "मावशी, काढू आता?" म्हटलं, राहू द्या. तुझी आई अजून त्या कारखान्यावर जात होती. संबंध नाही हे मला कळलं होतं, तरी हात धजेना. काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग. बंद हाय, कुणाला तरास न्हाई." मग दर हंगामाच्या तोंडाला ते विचारायचे, आणि मी नको म्हणायची.

गेल्या थंडीत काका गेले. झोपेतच. सगळ्या गोष्टींना भिणारा माणूस, त्यालाच भ्यायला सवड मिळाली नाही. मातीला मी गेले होते. परत निघताना त्यांच्या मुलानं घराला कुलूप लावलं, आणि मी कोपऱ्यापर्यंत आले, मग वळून परत गेले आणि ओढून बघितलं. मुलगा माझ्याकडं बघत राहिला.

आता तो भंगारवाला येत्या बाजारी परत येणार आहे. सर म्हणतात, मावशी, त्यात काय राहिलंय? त्यात तुमच्या आया आहेत, पुने, हंगाम हंगामाच्या. त्या आधी नव्यात न्यायच्यात. जोडण्या, पासवर्ड, कुणाकुणाची नावं, सगळं बघून एक एक काढायचंय, मग खुशाल नेऊ दे. सरांचा हात चटकन पडतो, माझ्या हाताला ते जमत नाही. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "थांबा." सर थांबले खरे, पण किती दिवस थांबतील सांगता येत नाही.

औंदा तुझी आई तोडीला गेली नाही. तू जाऊ दिली नाहीस, हे तिनंच मला येऊन सांगितलं, पाय पुढं करून दाखवले, म्हणाली, बघा. तेव्हा कारखान्याचं ते नाव आता काढायला हरकत नाही. पण ते तुझ्या हातानं निघावं असं मला वाटतं. चार दिवसांची सुट्टी टाक, भावालाही घेऊन ये, आणि बाजाराच्या आधी ये. फळा मी पुसून ठेवलाय, खडूही आणलाय.