ब्रेकपॅडला हळदकुंकू

चाळिशीनंतर मी ट्रॅकवर गाडी पळवायला लागले, तेव्हापासून धुळ्याला राहणारी माझी आई तो विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची. शर्यतीच्या आदल्या दिवशी जळगावहून तिच्याकडे मुक्कामाला गेले, तरी तिने गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. तिने एकदा येऊन मला चालवताना बघावं, एवढंच मला हवं होतं.

ब्रेकपॅड मी फार चिकित्सेने निवडले होते. सगळ्यात कडक घ्यायचा माझा हट्ट जळगावच्या मेकॅनिकने मोडून काढला. "ताई, ते तापल्याशिवाय धरत नाहीत. तुमची फेरी संपेल तरी थंडच राहतील," तो म्हणाला. मग मधल्या जातीचे घेतले. तेही पहिल्या दोन वळणांना लाकडासारखे लागायचे. पाय चांगला दणकून द्यावा लागे, तापले की मात्र झकास धरत. पायाला ही सवय लागेस्तोवर पहिला सेट झिजला. शर्यतीसाठी दुसरा तसाच सेट राखून ठेवला होता, तो सकाळी बसवायचा होता.

सकाळी पाहते तर पॅडचं खोकं देवघरात! चारही पॅडना हळदकुंकू, आणि त्यावर तेल चकाकतंय. नवी वस्तू घरात आली की आईची ही रीतच आहे, शिलाई मशीन असो की मिक्सर.

"कोरडं कुंकू राहेना, म्हनीसन तेलनं बोट लावं," ती हसत म्हणाली. "आते बठ्ठं चांगलं हुई. आज मी बी येस."

पॅडला तेल लागलं म्हणजे कारभार आटोपला. ते आत मुरतं, पुसून जात नाही, आणि मग ब्रेक धरत नाही. पण आता सगळं चांगलं होणार म्हणत ती स्वतःहून बघायला येत होती, म्हणून तोंडाशी आलेले शब्द मी गिळले, जे मला सहसा जमत नाही. "छान केलंस," म्हणाले आणि खोकं डिकीत ठेवलं. गाडीला रोजच्या वापराचे साधे पॅड होतेच. आईला शेजारी बसवून तशीच निघाले.

धुळ्याबाहेर शर्यतीच्या डांबरी मैदानावर पहिल्याच फेरीत फजिती झाली. पाय सवयीने दणकन पडला. रोजचे पॅड थंडच धरतात, त्यामुळे गाडी फरफटली आणि मार्ग आखायला ठेवलेले दोन प्लॅस्टिकचे कोन आडवे केले. दुसऱ्या फेरीत स्वतःला शिव्या घालत पाय हलका ठेवला. तिसरीला पॅड तापून जळका वास यायला लागला, पेडल दाबूनही गाडी लवकर थांबेना. मग प्रत्येक वळणाआधी जरा अगोदरच ब्रेक धरत गेले आणि शेवटी थांबण्यासाठी आखलेल्या चौकटीत गाडी नीट उभी केली. नंबर कसला येतोय! पण सावलीत उभी असलेली आई टाळ्या वाजवत होती आणि शेजारच्या बाईंना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. मला हेल्मेटच्या आत रडू आलं.

"पाह्यं ना?" जवळ गेल्यावर ती म्हणाली. "पुढला खेपले बी आधी मन्हाकडे आण."

"आणते ना," मी म्हणाले.

जळगावला परतल्यावर मेकॅनिकने तेलकट पॅड हातात घेतले आणि कपाळावर हात मारला. मी त्याला म्हटलं, आता दर वेळी दोन सेट मागवायचे, एक गाडीला आणि एक आईला.